अंगणांतील होडी

आमच्या अंगणांत तीन वर्षें एक होडी उभी होती. ‘अंगणांत’ हा शब्द मुद्रकाच्या नजरचुकीनें पडला असावा असा तर्क करून वाचकांनीं तेथें ‘सरोवरांत’ किंवा ‘खाडींत’ असा पाठ घालूं नये. होडी अंगणांतच होती. तिच्या आडव्या निजविलेल्या डोलकाठीवर कबुतरें बसत, तिच्यावरच्या ताडपत्रीच्या खळग्यांत पावसाचें पाणी सांचे, आणि टपालवाला तिला वळसा घालून आमच्या दारापर्यंत येई. त्या तीन वर्षांत ती पाण्यांत किती वेळां गेली हें पुढें ओघानें येईलच. परंतु त्या आंकड्याची आम्हांला आजही लाज वाटते, म्हणून तो शक्य तितका उशिरां सांगण्याचा आमचा विचार आहे.

उत्तर इंग्लंडांतील ज्या गांवीं आम्ही पोटापाण्यासाठीं आलों आणि मग सवयीनें राहिलों, तेथून समुद्र बराच दूर आहे. पण डोंगरांच्या कुशींतलीं सरोवरें मोटारीनें दीड तासाच्या वाटेवर आहेत. ज्याच्या घराला पाणी लागून नाहीं त्याला शिडाची होडी बाळगावयाची झाल्यास दोनच मार्ग मोकळे असतात. धक्क्यावर वर्षाचें भाडें भरून होडी तेथेंच बांधून ठेवावी, हा एक. आणि दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवून, मोटारीच्या मागच्या आंकड्याला अडकवून, तिला घरीं घेऊन यावें, हा दुसरा. पहिला मार्ग पैसेवाल्यांचा. दुसरा आमच्यासारख्या मध्यम स्थितींतल्या माणसांचा. आणि त्याचा गुण असा कीं, धक्क्याला बांधलेल्या होडीला एकच पाणी ठाऊक असतें, तर ट्रेलरवरची होडी आज या सरोवरांत, उद्यां त्या खाडींत, आणि हिंवाळ्यांत आपल्या खिडकीखालीं असते. या शेवटच्या सोयीचा लाभ आम्हीं जरा अधिकच घेतला.

वस्तुतः ट्रेलर ही कांहीं आमच्या दृष्टीला अगदींच नवी वस्तु नव्हती. जयगडच्या खाडीकांठीं आमचें आजोळ. आगोट जवळ आली कीं तेथल्या होड्या आणि मचवे किनाऱ्यावर ओढून घेत. वाळूंत लांकडाचे ओंडके आडवे टाकावयाचे, त्यांवर होडीचा कणा चढवावयाचा, आणि दोन्ही बाजूंनीं माणसें लागून एका सुरांत जोर करावयाचा. होडी पुढें सरकून मागचा ओंडका मोकळा झाला कीं तो उचलून पुन्हा पुढें नेऊन ठेवावयाचा. मग वर झापांचें छप्पर. पावसाळा ओसरून नारळी पौर्णिमा झाली कीं त्याच ओंडक्यांवरून होडी परत पाण्याकडे. मागचे ओंडके पुढें नेण्याचें काम पोरांचें. तें आम्ही दोघे भाऊ, म्हणजे दादा आणि आम्ही, मोठ्या उत्साहानें आणि मोठ्या माणसांच्या पायांत येत करीत असूं. तेथला एक म्हातारा तांडेल आम्हांला म्हणे, “पोरांनो, होडी पाण्यांत बघूं नये, ओढतांना बघावी. पाण्यांत काय, सगळ्याच हलक्या!” आम्ही हंसत असूं. मोठेपणीं दोघांनीं मिळून एक होडी घ्यावयाची, हा बेत त्याच ओंडक्यांवर बसून ठरला. दादा त्या वेळीं अकरा वर्षांचा होता आणि आम्ही सात.

२०१५ सालीं, नोकरींतून मोकळे होऊन बरेच दिवस झाल्यावर, हा बेत पुरा करण्याचें आम्हीं मनावर घेतलें. प्रथम गरजांची यादी केली. सुशिक्षित माणूस कोणत्याही मूर्खपणाचा आरंभ यादीनें करतो. चौघांना निजावयास जागा, पावसांत आंत बसतां येईल अशी केबिन, चहापुरती चूल, कपडे ठेवावयास कप्पे, वारा पडला तर मागें लावावयास एक लहानसें यंत्र. घरांत माणसें दोन. बाकीचे दोघे कोण, असें सौभाग्यवतींनीं विचारलें, तेव्हां ‘दादा आणि वहिनी’ असें आम्हीं तत्काळ उत्तर दिलें. वहिनींना तरीच्या होडींतसुद्धां मळमळतें, ही गोष्ट यादींत लिहावयाची राहिली.

यादी खिशांत घालून आम्ही जुन्या होड्या विकणाऱ्या एका गृहस्थांकडे गेलों. तेथें एकवीस फुटांची एक होडी ट्रेलरवर उभी होती. तिच्या जातीचें नांव आम्ही सांगत नाहीं, कारण दोष तिचा नव्हता. शिडी लावून वर चढावें, दोन पायऱ्या उतरून केबिनींत जावें, तों दोन्ही बाजूंस मऊ बैठका, मधें लहानसें मेज, वर पितळी दिवा. आम्ही त्या बैठकीवर बसलों आणि तेथल्या तेथें विरघळलों. होडीच्या तळाशीं लोखंडाचें जड पातें होतें. खोल पाण्यांत तें खालीं सोडावयाचें, म्हणजे वाऱ्यानें होडी आडवी वाहवत नाहीं आणि कलली तरी सांवरते. उथळ पाण्यांत व ट्रेलरवर तें वर ओढून घ्यावयाचें. ही युक्ति उत्तमच. परंतु पातें वर घेतल्यानें त्याचें वजन कमी होत नाहीं, एवढी साधी गोष्ट आमच्या लक्षांत आली नाहीं. पाण्यांत सगळ्याच होड्या हलक्या असतात, असें तांडेलानें सांगितलें होतें. विक्रेत्याच्या आवारांत उभ्या असलेल्या होडीलाही तोच नियम लागू आहे, हें त्यानें सांगून ठेवावयास हवें होतें.

येथल्या कायद्याप्रमाणें, ब्रेक नसलेल्या ट्रेलरचें भरलेलें वजन ७५० किलो, किंवा ओढणाऱ्या मोटारीच्या स्वतःच्या वजनाच्या निम्में, यांपैकीं जें कमी त्याच्या आंत असावें लागतें. त्याहून जड ट्रेलरला स्वतःचे ब्रेक हवेत. आणि मोटारीच्या कारखानदारानें घालून दिलेली मर्यादा त्यालाही ओलांडतां येत नाहीं. आमच्या लहान मोटारीची ही मर्यादा १००० किलो होती. होडी, पातें, यंत्र आणि ट्रेलर मिळून वजन १५०० किलो भरलें. हा हिशेब आम्हीं केला, पण पैसे देऊन झाल्यावर केला. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण आम्हांला पाठ होती. आम्हीं पाय पसरून मग अंथरूण मोजलें. सुदैवानें आमच्या शेजाऱ्यांची मोटार मोठी आणि मन त्याहून मोठें. तेव्हांपासून आमची होडी आणि आमचा रविवार यांच्यामध्यें शेजाऱ्यांचा रविवार येऊन उभा राहिला.

पहिल्याच फेरींत आम्हीं नांगर, पाण्याचे डबे आणि यंत्र, सारें सामान होडीच्या मागल्या टोकाला नेऊन ठेवलें. ट्रेलरचा थोडा भार, साधारणपणें एकंदर वजनाच्या शेंकडा पांच ते सात, मोटारीच्या आंकड्यावर यावा लागतो. मागें वजन अधिक झालें कीं आंकडा वर उचलला जातो, आणि वेग घेतांच ट्रेलर शेपटीसारखा दोहों बाजूंस झोके घेऊं लागतो. ताशीं पन्नास मैलांवर तो तसा झुलूं लागला, तेव्हां शेजाऱ्यांनीं वेग हळूहळू उतरूं दिला, आणि रस्त्याच्या कडेला थांबून सामान पुढें आणावयास सांगितलें. ते एरवीं बोलके गृहस्थ; त्या दिवशीं सरोवर येईपर्यंत एक अक्षर बोलले नाहींत.

सरोवरावर पोंचलें म्हणजे संपलें, असें नाहीं. लांब रस्ता तोडून आलेल्या चाकांचे तुंबे तापलेले असतात; तसेच ते थंड पाण्यांत बुडविले तर आंतली हवा आकसून वंगणांत पाणी ओढून घेते आणि चाकें लवकर निकामी होतात. म्हणून आधीं तुंबे निवूं द्यावयाचे. तेवढ्या वेळांत डोलकाठी उभी करावयाची. ती पंचवीस फुटांची, अॅल्युमिनियमची. एकानें बुंधा धरावयाचा, दुसऱ्यानें केबिनीवर उभें राहून ती खांद्यावर तोलावयाची, तिसऱ्यानें पुढून दोर ओढावयाचा, आणि तिघांनींही आधीं वर पाहून विजेच्या तारा नाहींत अशी खात्री करून घ्यावयाची. मग ताणाचे दोर, मग शिडें, मग ट्रेलर उलटा चालवीत उतारावरून पाण्यांत नेणें. उलट जातांना मोटार एकीकडे वळवावी तों ट्रेलर दुसरीकडे वळतो, आणि कांठावर जमलेल्या मंडळींची करमणूक होते. या सर्वांस आमच्या हातून दीड तास लागे. परत निघतांना पुन्हा तितकाच. इंग्लंडच्या हवेंत बरा वारा आणि कोरडें आभाळ यांची गांठ पडते ती अनेकदां तेवढ्याच वेळापुरती. पहिल्या दोन उन्हाळ्यांत आमची होडी चार वेळां पाण्यांत गेली. तिसऱ्यांत एकदांही नाहीं. लाजेचा आंकडा तो हाच. आणि तिसऱ्या उन्हाळ्याची हकीकत सांगावयाची ती अशी.

२०१७ च्या जुलैंत दादा पंधरा दिवसांसाठीं आमच्याकडे आला. वहिनी नातवंडांत अडकल्या होत्या. तो एकटाच आला. वय चौऱ्याहत्तर, एक गुडघा धरलेला. पहिला रविवार पावसानें नेला. दुसऱ्या रविवारीं लख्ख ऊन पडलें, पश्चिमेचा सुरेख वारा सुटला. पण शेजारी सहकुटुंब स्पेनला गेलेले. आमच्या मोटारीनें होडी ओढणें कायद्याबाहेर. आणि कशीबशी नेली असती तरी डोलकाठी उचलावयास दादा, आम्ही आणि सौभाग्यवती. भाड्यानें मोठी मोटार मिळते का पाहिलें; मागें आंकडा असलेली मिळाली नाहीं.

दादा म्हणाला, “चल, निदान बसून तरी बघूं.”

आम्हीं ताडपत्री काढली. शिडीवरून वर चढावयास त्याला बराच वेळ लागला. मागल्या बाकावर बसून त्यानें सुकाण्याचा दांडा हातांत घेतला आणि डावीकडे-उजवीकडे हलवून पाहिला. खालीं फरशी होती.

“बाळू, ही पाण्यांत गेली किती वेळां?”

“चार.”

“ओढायला माणसं किती लागतात?”

“तीन. शिवाय शेजाऱ्यांची गाडी.”

तो थोडा वेळ कांहीं बोलला नाहीं. मग म्हणाला, “तांडेल काय म्हणायचा, आठवतं का रे?”

आम्हीं मान हालविली. पुढचें वाक्य त्यानें उच्चारलें नाहीं. सौभाग्यवतींनीं शिडीवरून चहा वर दिला. पहाटेच्या मतलई वाऱ्यावर मचवे खाडीबाहेर कसे पडत आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर शिडें फुगवून परत कसे येत, हें आठवीत आम्ही दोघे ऊन उतरेपर्यंत त्या होडींत बसलों. दादा खुषींत होता. खुषींत नसलेला असा एकच इसम त्या होडींत होता.

विमानतळावर निरोप घेतांना तो म्हणाला, “पुढच्या वर्षीं येतों. तोंवर कांहींतरी हलकं बघून ठेव.” पुढच्या वर्षीं फेब्रुवारींत तो गेला.

होडी आम्हीं त्याच वसंतांत विकली. ज्यांनीं ती घेतली त्यांना तीन तरणे मुलगे होते आणि मोठी मोटार होती. अर्ध्या घटकेंत त्यांनीं ती आंकड्याला लावून नेली. त्यांच्या हातीं ती खरोखरच हलकी झाली. अंगण मोकळें झालें, टपालवाला सरळ दाराशीं येऊं लागला. आतां होडी कोणासाठीं घ्यावयाची, असें आम्ही एके दिवशीं बोलून गेलों. सौभाग्यवती म्हणाल्या, “दादांनी जातांना काय सांगितलं होतं?” त्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

दुसऱ्या खेपेस आम्हीं यादी केली नाहीं. प्रश्न केले, आणि तेही ओढण्यापासून आरंभ करून. ओढणार कोणती मोटार? डोलकाठी उचलणार कोण? घराचें दार लावल्यापासून शिडांत वारा भरेपर्यंत वेळ किती? पाणी कोणतें, उथळ कीं खोल, शांत कीं लाटांचें? होडींत माणसें किती, म्हणजे खरोखर येणारीं, यावींशीं वाटणारीं नव्हेत? होडी उलटली तर आपल्या वयाच्या माणसाला पुन्हा आंत चढतां येईल का? निजण्याचा प्रश्न सर्वांत शेवटीं. पूर्वीच्या यादींतली पहिली बाब अशी तळाशीं गेली, आणि तेव्हां मनांतही नसलेल्या सहा बाबी तिच्या वर येऊन बसल्या.

या प्रश्नांच्या उजेडांत होड्यांच्या जाती निराळ्याच दिसूं लागल्या. ‘कॉर्निश श्रिम्पर’ ही रॉजर डोंग्रे यांनीं आंखलेली, १९७९ पासून बनत आलेली, १९ फुटांची केबिनची होडी. जुन्या वळणाच्या शिडांची, देखणी, आणि समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्यानें दोन दोन दिवस हिंडणाऱ्यास अगदीं योग्य. पण तिचें नुसतें वजनच एक टनाच्या वर. ज्याची मोटार मोठी, मुक्काम लांबचे आणि फेऱ्या थोड्या, त्यानें ती घ्यावी. अमेरिकेंत वजनावर एक तोड काढलेली आहे. कांहीं होड्यांच्या तळांत टांकी असते. पाण्यांत उतरल्यावर ती त्याच पाण्यानें भरावयाची, म्हणजे होडी स्थिर होते. बाहेर काढतांना तें सोडून द्यावयाचें, म्हणजे रस्त्यावर ती हलकी. वजन जागच्या जागीं मिळतें, तर तें घरून कशाला न्या? युक्ति मोठी मनोहर. पण टांकी रिकामी झाली तरी डोलकाठी तेवढीच राहते.

दुसऱ्या टोकाला ‘मिरर’. जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनीं ती आंखली, आणि १९६३ सालीं ‘डेली मिरर’ या वृत्तपत्रानें लोकांपुढें मांडली. म्हणून तिचें तें नांव. प्लायवुडच्या फळ्या तांब्याच्या तारेनें टांके घालून शिवावयाच्या, आणि सांधे कांचतंतूंच्या पट्टीनें व राळेनें चिकटवावयाचे. सामान्य माणसानें घरीं बसून बांधावी अशीच तिची योजना. लांबी अकरा फुटांच्या किंचित् आंत, सांगाडा ४५ किलोंच्या आसपास, शिडें तांबडीं. मोटारीच्या टपावरही ती जाते. दोन मुलांना, किंवा एका बापाला आणि एका मुलाला, हिच्याहून गुणी होडी मिळणें कठीण. आम्ही उभयतां एका परिचितांच्या मिररमध्यें बसून पाहिलें. आमचें वजन पाण्याला ताबडतोब कळलें.

या दोहोंच्या मधें आम्हांला ‘वेफेरर’ सांपडली. इयन प्रॉक्टर यांनीं १९५७ सालीं आंखलेली, १५ फूट १० इंच लांब, नुसता सांगाडा १६९ किलो. केबिन नाहीं. मधें खालींवर होणारी फळी. कांठ जवळ आला कीं ती वर घ्यावी आणि होडी वाळूवर न्यावी. दोघे ती सहज चालवितात, आणखी दोघे बसतात, आणि शिडाच्या आडव्या काठीवर तंबू टाकला तर तळफळ्यांवर दोघांना निजतां येतें. फ्रँक डाय नांवाच्या गृहस्थांनीं अशाच उघड्या होडींतून, एक सोबती घेऊन, १९६३ सालीं स्कॉटलंडहून आइसलंड आणि १९६४ सालीं नॉर्वे गांठलें. त्यांची होडी आतां कॉर्नवॉलमधील सागरी संग्रहालयांत ठेवलेली आहे. म्हणजे मऊ बैठक आणि पितळी दिवा यांवांचून माणूस उत्तर समुद्र ओलांडूं शकतो. आम्हांला तर सरोवराच्या पलीकडच्या कांठापर्यंतच जावयाचें होतें.

आमच्या मोटारीचें वजन ११०० किलो, निम्में ५५०. होडी, सामान आणि ट्रेलर त्याच्या पुष्कळच आंत बसले. ट्रेलरही दुहेरी घेतला: रस्त्याच्या गाड्यावर दुसरा एक हलका हातगाडा असतो, होडी त्या हातगाड्यासकट पाण्यांत लोटावयाची, आणि रस्त्याचीं चाकें कोरडींच राहतात, तुंबे निवण्याची वाट पाहावयास नको. डोलकाठी एका माणसाला उचलतां येते, दोघांना हंसत उचलतां येते. शिडांत वारा भरावयास आम्हांला आतां पाऊण तास पुरतो. दोष नाहींत असें नाहीं. उतारावरून वर काढतांना ती आम्हां दोघांस जड जाते. दोर बांधून मोटारीची मदत घ्यावी लागते. तळाशीं लोखंड नसल्यामुळें ती उलटूं शकते, आणि येथल्या सरोवरांचें पाणी इतकें थंड कीं पहिल्या धक्क्यालाच श्वास कोंडतो. म्हणून पहिल्याच महिन्यांत, एका शिक्षकाच्या देखरेखीखालीं, आम्हीं ती कांठाजवळ मुद्दाम उलटविली. सौभाग्यवती पहिल्या प्रयत्नांत आंत चढल्या. आम्हांला दोराची एक पायरी करून द्यावी लागली. ती पायरी तेव्हांपासून होडींत कायमची बांधलेली आहे. पहिल्याच उन्हाळ्यांत ही होडी चौदा वेळां पाण्यांत गेली.

बहुधा आम्ही उल्सवॉटरला जातों. हें सरोवर सुमारें साडेसात मैल लांब. यंत्राच्या बोटींना तेथें १९८३ पासून ताशीं दहा मैलांची मर्यादा आहे, म्हणून तें शिडांना सुखाचें. ग्लेनरिडिंगच्या वर ९५० मीटर उंचीचा हेल्व्हेलिन उभा आहे. अशा डोंगरांच्या घळींतून वारा एकसारखा येत नाहीं, दबा धरून बसतो आणि एकदम झडप घालतो. वयाचा मान राखून आम्ही आतां शिडाचा एक पट्टा निघण्यापूर्वींच गुंडाळून टाकतों. परत निघतांना होडी आणि ट्रेलर नीट पाहून, धुऊन, घरीं कोरडे करावे लागतात. एका सरोवरांतल्या परक्या वनस्पति व बारीक जीव ओल्या चाकांवरून दुसऱ्या सरोवरांत जाऊन तेथें माजूं नयेत, म्हणून ‘तपासा, धुवा, वाळवा’ असा येथें पाठच घालून दिला आहे. नाना पाण्यांचें सुख भोगणाऱ्यानें एवढी शुचिता पाळावी हें योग्यच होय.

जोराचा वारा आला म्हणजे या होडींत दोघांनींही वाऱ्याच्या बाजूच्या कांठावर सरकून आपल्या वजनानें ती सांवरावी लागते. सौभाग्यवतींचें आणि आमचें वजन मिळून बहुतेक वेळां भागतें. पण एखादी झडप अशी येते कीं होडी जरा अधिक कलते, सुकाण्याचा दांडा हातांत जड होतो, आणि त्या कांठावर, आमच्या शेजारीं, आणखी एका माणसापुरती जागा मोकळी आहे हें ध्यानांत येतें. मग आम्ही शीड थोडें सैल सोडतों.